बॉल पायथन खात नाही? उंदीर बदलण्याआधी पेटी नीट लावा

बॉल पायथन या पाळीव अजगराने लागोपाठ दोन-तीनदा खाणं नाकारलं की पाळणारा उंदीर बदलायला लागतो. पांढऱ्याऐवजी करडा, मोठ्याऐवजी लहान, गोठवलेल्याऐवजी जिवंत. बहुतेकदा याने काहीच फरक पडत नाही. साप राहतो त्या पेटीत त्याला खाण्याइतकं सुरक्षित वाटत नसतं, किंवा खाल्लेलं पचवायला लागणारी ऊब तिथे नसते. म्हणून आधी वजन आणि तापमान मोजा, मग लपणं, ऊब, दमटपणा सुधारा, सापाला शांतता द्या, आणि भक्ष्याचा विचार सगळ्यात शेवटी करा.

हा साप पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या गवताळ माळांवरचा आणि जंगलाच्या कडेचा. दिवस तो उंदरांच्या बिळात नाहीतर वाळवीच्या वारुळात काढतो आणि अंधार पडल्यावर बाहेर येतो. बिळात काळोख असतो, भिंती अंगाला टेकतात, हवा बाहेरच्यापेक्षा दमट असते आणि तापमान फारसं हलत नाही. उजेडात ठेवलेल्या, मधोमध एकच वाडगा असलेल्या काचेच्या मोकळ्या टाकीत यातलं काहीच मिळत नाही.

उपास काळजीचा आहे का, ते आधी ठरवा

निरोगी मोठा बॉल पायथन महिनोन् महिने उपाशी राहू शकतो. प्रजननाच्या काळात नर खाणं सोडतात, अंडी धरलेली मादीही सोडते. हवा गार झाली, दिवस लहान झाले की पेटीतलं तापमान तेच असूनही काही साप मागे हटतात. ८०० ते १२०० ग्रॅमच्या आसपास अनेक साप अचानक थांबतात आणि काही महिन्यांनी आपणहून सुरू करतात. कात टाकायच्या आधी डोळे निळसर-दुधी आणि पोट गुलाबी दिसायला लागलं की बरेच साप खात नाहीत. त्या दिवसांत भक्ष्य दाखवूच नका, कात पूर्ण निघाल्यावर दोन दिवसांनी द्या.

१ ग्रॅमपर्यंत अचूक दाखवणारा डिजिटल काटा लागेल. झाकणाच्या डब्यात साप ठेवून आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी वजन घ्या आणि तारखेसकट लिहून ठेवा. १५०० ग्रॅमची मादी तीन महिन्यांनी १४३० भरत असेल तर घाई नाही. उपास सुरू झाला तेव्हाच्या वजनात १० टक्के घट झाली तर सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे जा. २०० ग्रॅमच्या आतल्या पिल्लाला एवढी मुभा नसते. त्याच्याकडे साठा कमी असतो, त्यामुळे चार-पाच आठवडे पोटात काही गेलं नसेल तर १० टक्क्यांची वाट न पाहता दाखवून घ्या. आणलेल्या पिल्लाने आधीच्या माणसाकडे किती वेळा, काय आणि कशा अवस्थेत खाल्लं होतं, हे विचारून घ्या. बऱ्याच पिल्लांचा गुंता याच उत्तरात सुटतो.

पुढची लक्षणं दिसली तर पेटी लावत बसू नका, थेट डॉक्टर गाठा: श्वासाला शिट्टीसारखा किंवा बुडबुड्यांचा आवाज, तोंड उघडं ठेवून घेतलेला श्वास, हिरड्यांवर पू किंवा लाल ठिपके, खाल्लेलं बाहेर येणं, डोकं मागे वळून वर आकाशाकडे लागणं, पोटाचे खवले तपकिरी पडून मऊ होणं. पाण्याच्या भांड्यात मिरीच्या कणांसारखे काळे ठिपके तरंगत असतील आणि साप तासन् तास पाण्यात पडून राहत असेल तर ते माइट्स, म्हणजे सापाचं रक्त पिणारे बारीक परजीवी आहेत. ते असेपर्यंत साप सहसा खात नाही. साप जंगलातून पकडलेला किंवा पकडलेल्या मादीच्या अंड्यांतून निघालेला असण्याची शक्यता असेल तर विष्ठेची तपासणी पहिल्याच आठवड्यात करून घ्या.

मोजमापं

खर्च आधी मोजमापाच्या साधनांवर करावा. काचेला चिकटवायचे गोल तबकडीचे तापमापक आणि आर्द्रतामापक विकत घेऊ नका. ते कित्येक अंशांनी चुकतात आणि मोजतात ते काचेजवळच्या हवेचं तापमान. साप बसतो जमिनीवर. वायरच्या टोकाला सेन्सर असलेले दोन डिजिटल तापमापक घ्या. एकाचा सेन्सर उबदार बाजूच्या लपणाच्या आत, जमिनीलगत ठेवा, दुसऱ्याचा गार बाजूच्या लपणाच्या आत. एक डिजिटल आर्द्रतामापक पेटीच्या मध्यावर, सापाच्या उंचीला. इन्फ्रारेड गनही (न टेकवता तापमान मोजणारं यंत्र) जवळ असावी. ती पृष्ठभाग मोजते, हवा नाही, आणि पुढे उंदराची ऊब तपासायलाही तीच उपयोगी पडते.

गाठायचे आकडे असे. उबदार लपणातली जमीन ३१ ते ३२ अंश सेल्सियस. वरून ऊब देणारा हीटर असेल तर त्याच्या थेट खालचा पृष्ठभाग ३४ पर्यंत चालतो. गार बाजू २५ ते २७. रात्री सर्वांत गार जागाही २४ च्या फार खाली जाऊ नये. आर्द्रता एरवी ६० ते ७० टक्के, कातीच्या दिवसांत ७५ च्या आसपास. सलग तीन दिवस सकाळी, दुपारी आणि रात्री उशिरा नोंदी करा. दुपारी सगळं बरोबर आणि पहाटे तीन वाजता उबदार बाजू २६ वर, हा प्रकार फार आढळतो. दिवसाच बघणाऱ्याला तो कधी कळत नाही. साप खातो रात्री आणि पचन रात्रीही चालू असतं, त्यामुळे रात्रीचे आकडे जास्त महत्त्वाचे.

पेटी

पूर्ण वाढलेल्या सापाला १२० सेंमी लांब, ६० रुंद, ६० उंच ही किमान जागा धरा. पिल्लाला ६०×४०×३० पुरते. ‘मोठ्या पेटीत साप घाबरतो म्हणून खात नाही’ हा सल्ला अर्धाच खरा आहे. घाबरवते ती मोकळी जागा. आडोशांनी भरलेल्या मोठ्या पेटीत पिल्लूही खातं आणि उघड्या लहान पेटीत मोठा सापही उपाशी बसतो. तरीही एकदाही न खाल्लेल्या पिल्लासाठी काही महिने साधा डबा वापरणं हाच उत्तम मार्ग. त्याबद्दल पुढे.

काचेची टाकी असेल तर मागची आणि दोन्ही कडेच्या काचा बाहेरून काळ्या कागदाने किंवा फोम शीटने झाका. साप खायला लागेपर्यंत पुढच्या काचेचाही खालचा अर्धा भाग झाकलेला ठेवा. वर जाळीचं झाकण असेल तर ऊब आणि दमटपणा दोन्ही तिथून निघून जातात. जाळीचा पाऊण भाग ॲल्युमिनियम फॉइल लावून किंवा ॲक्रिलिकचा तुकडा बसवून बंद करा, हीटरच्या वरची आणि भोवतालची जागा उघडी ठेवून. ॲक्रिलिक तापलेल्या हीटरच्या जवळ नको, ते मऊ पडून वाकतं. पीव्हीसीची किंवा आतून सील केलेल्या लाकडाची, पुढे उघडणारी पेटी दमटपणा जास्त चांगला धरते. हात समोरून आत जात असल्यामुळे साप कमी दचकतो, कारण वरून येणारी गोष्ट त्याच्या लेखी शिकारी पक्षी असते.

झाकणाला किंवा दाराला कुलूप हवंच. जिथून डोकं जातं तिथून हा साप सगळा जातो, आणि वायर आत घेण्याचं भोक हीच पळवाट ठरते.

पेटी कुठे ठेवता यालाही महत्त्व आहे. ती जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीवर, भिंतीला टेकवून ठेवा. थेट ऊन, खिडकीची झुळूक, स्पीकर, धुलाई यंत्र यांच्यापासून लांब. साप हवेतला आवाज कमी ऐकतो, पण जमिनीतून येणारा कंप जबड्याच्या हाडांतून पकडतो. मांजर काचेसमोर बसून राहत असेल तर बाकी सगळं नीट करूनही साप खाणार नाही.

लपण: इथेच बहुतेक पेट्या नापास होतात

किमान दोन लपणं, आकाराने आणि घडणीने एकसारखी, एक उबदार बाजूला आणि एक गार बाजूला. एकसारखी यासाठी की सापाला ऊब आणि सुरक्षितता यांतून एकाची निवड करावी लागू नये. आवडतं लपण फक्त गार बाजूला असेल तर तो तिथेच बसून राहतो, अंग थंड राहतं, पचन होणार नाही म्हणून खातही नाही. तापमापकावर पेटीचा आकडा बरोबर असतो आणि साप मात्र २५ अंशांतच दिवस काढत असतो.

लपण असं हवं की साप वेटोळं घालून आत बसल्यावर पाठ आणि दोन्ही कुशी भिंतींना टेकल्या पाहिजेत, छत पाठीला जवळजवळ लागलं पाहिजे. तोंड एकच, सापाच्या सर्वांत जाड भागापेक्षा जेमतेम मोठं. दोन्ही टोकांना उघडा असलेला लाकडी अर्धगोल ओंडका दुकानांत सर्रास विकला जातो. लपण म्हणून तो निरुपयोगी आहे, कारण त्यातून वारा आणि उजेड आरपार जातो. त्यापेक्षा उलटा ठेवलेला, कडेला तोंड कापलेला अपारदर्शक प्लास्टिकचा डबा कितीतरी चांगला. कापलेली कड पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत करा. मोठ्या सापाचं वेटोळं साधारण २० ते २५ सेंमी व्यासाचं असतं. त्याला तेवढाच, ९-१० सेंमी उंच डबा घ्या. पिल्लाला १२-१३ सेंमी लांबीचा आणि ५ सेंमी उंचीचा पुरतो. साप वाढला की लपण बदलायचं, हे विसरलं जातं.

दोन लपणांच्या मधली जागाही मोकळी ठेवू नका. कॉर्कची साल, सुकी पानं, प्लास्टिकच्या वेली, जाड फांद्या. वरून पाहिलं तर जमिनीचा निम्म्यापेक्षा कमी भाग उघडा दिसला पाहिजे. गार लपणातून उबदार लपणाकडे जाताना साप पूर्ण उघड्यावर येत असेल तर आडोसा अजून कमी आहे. फांद्या हव्यातच. हे साप जमिनीवरचे म्हणून ओळखले जात असले तरी निसर्गात झाडाझुडपांवर चढून पक्षीही पकडतात. मात्र फांदी भिंतीला घट्ट बसवा. वजनाने सरकली तर साप पुन्हा तिच्यावर जात नाही.

ऊब

ऊब देणारं कोणतंही साधन थर्मोस्टॅटशिवाय (ठरवलेल्या तापमानाला ऊब आवरणारं उपकरण) लावायचं नाही. नुसती हीट मॅट (विजेवर तापणारी पातळ चटई) ४५ अंशांच्या वर सहज जाते आणि पोट भाजेपर्यंत साप तिच्यावरून उठत नाही. खालून लागणारा चटका या सापाला वेळेवर कळत नाही. याच कारणाने हीट रॉक नावाचे विजेवर तापणारे दगड घरातच आणू नयेत.

पातळ तळाच्या काचेच्या किंवा प्लास्टिकच्या पेटीला हीट मॅट चालते. ती तळाचा एक तृतीयांश भाग व्यापणारी, एका टोकाला आणि पेटीच्या बाहेरून लावायची. पेटीखाली हवा खेळायला ५-६ मिमीचे रबरी पाय चिकटवा, नाहीतर उष्णता अडकून काच तडकते. थर्मोस्टॅटचा प्रोब (तापमान मोजणारं टोक) मॅट आणि तळ यांच्या मध्ये ॲल्युमिनियमच्या टेपने पक्का करा. प्रोब पेटीत मोकळा टाकला तर साप त्याला ढकलून गार बाजूला नेतो किंवा त्याच्यावर पाणी सांडतं. प्रोबला गार लागलं की थर्मोस्टॅट मॅट चालूच ठेवतो आणि उबदार बाजूची भट्टी होते. प्रोब बाहेर असला की थर्मोस्टॅटवर लावलेला आकडा आणि आतल्या जमिनीचा आकडा यांत फरक पडतो. आत ३२ मिळण्यासाठी बाहेर ३४-३५ लावावं लागेल. आतलं वाचून अर्ध्या-एका अंशाने बदला आणि प्रत्येक बदलानंतर काही तास थांबा.

मॅटवरचा सबस्ट्रेट (तळावर पसरलेला थर) १-२ सेंमीपेक्षा जाड नको. जाड थर ऊब अडवतो, वर जमीन गार लागते, म्हणून माणूस थर्मोस्टॅट वाढवतो. मग साप उकरत खाली जातो आणि उघड्या तापलेल्या तळावर बसतो.

लाकडाच्या किंवा पीव्हीसीच्या जाड तळातून मॅटची ऊब वर येत नाही. तिथे वरून ऊब द्या: सिरॅमिक हीटर, डीप हीट प्रोजेक्टर किंवा रेडियंट पॅनल. सिरॅमिक हीटरला पल्स पद्धतीचा (वीज थांबून थांबून सोडणारा) थर्मोस्टॅट लावा. हॅलोजन दिवा असेल तर डिमिंग पद्धतीचाच (वीज हळूहळू कमी-जास्त करणारा) घ्या, चालू-बंद प्रकारात तो लुकलुकतो आणि लवकर जातो. पेटीच्या आत टांगलेल्या हीटरला जाळीचा पिंजरा हवा, कारण साप त्याला विळखा घालतो. वॉटेज खोलीच्या तापमानावर अवलंबून असतं. १२० सेंमीच्या बंद पेटीला ८० ते १०० वॉट सहसा पुरतात. हीटर दिवसरात्र पूर्ण ताकदीने चालू राहत असेल तर तो कमी पडतोय, असं समजा.

थर्मोस्टॅट पेटी गार करू शकत नाही. खोलीच ३३-३४ अंशांवर गेली तर गार बाजू उरतच नाही. अशा वेळी खोली थंड करणं किंवा पेटी घरातल्या गार जागी हलवणं, एवढेच उपाय.

लाल किंवा निळे ‘रात्रीचे’ दिवे काढून टाका. रात्र पूर्ण काळोखी असली पाहिजे. दिवसा १२ तास मंद उजेड पुरेसा, आणि तो टायमरवर असावा म्हणजे रोज त्याच वेळी मावळतो. कमी ताकदीची यूव्हीबी (अतिनील किरणांची) ट्यूब लावली तर हरकत नाही, पण उपास सोडवण्यासाठी तिची गरज नाही.

दमटपणा आणि जमीन

नारळाच्या सालीचे तुकडे, कोकोपीट किंवा दोन्हींचं मिश्रण, मॅट नसलेल्या भागात ५ ते ८ सेंमी जाड. देवदाराचा आणि पाइनचा भुसा नको, त्यातली सुगंधी तेलं श्वसनाला त्रास देतात. फवारा मारून दमटपणा तासाभरापुरताच वाढतो आणि दरवेळी पेटी उघडावी लागते. त्याऐवजी कोपऱ्यांतून पाणी ओता. १२० सेंमीच्या पेटीत चार कोपऱ्यांत मिळून साधारण अर्धा लिटर. ते खालच्या थरात मुरतं, वरचा थर कोरडा राहतो आणि ओल हळूहळू हवेत येते. पुन्हा कधी ओतायचं ते आर्द्रतामापक सांगेल. वरची जमीन हाताला ओली लागत असेल तर पाणी जास्त झालं. ओल्या जमिनीवर पडून राहिल्याने पोटाचे खवले सडतात.

पाण्याचं भांडं जड, न कलंडणारं आणि साप पूर्ण बसेल एवढं. दमटपणा कमी पडत असेल तर ते उबदार बाजूला सरकवा, जास्त होत असेल तर गार बाजूला. काहीच न खाल्लेल्या, कात अर्धवट निघालेल्या सापासाठी एका लपणात ओलसर करून पिळलेलं स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं शेवाळ) भरा.

पिल्लासाठी साधा डबा

वर म्हटलेला मार्ग हा. अपारदर्शक प्लास्टिकचा, घट्ट झाकणाचा, ४०×३०×१५ सेंमीच्या आसपासचा डबा घ्या. दोन समोरासमोरच्या बाजूंना, वरच्या भागात प्रत्येकी १२ भोकं, ४ मिमीची, आतून बाहेर पाडलेली म्हणजे धारदार कड आत राहत नाही. तळाला साधा कोरा कागद, एका टोकाला लपण, दुसऱ्या टोकाला लहान जड वाटी, बाहेरून एक तृतीयांश भागाला थर्मोस्टॅटवरची मॅट. डबा लहान असल्याने गार टोकही तापतं का ते पाहा. २७ च्या वर जात असेल तर मॅटचा भाग कमी करा. दिसायला हे अगदी केविलवाणं असतं, पण सजवलेल्या टाकीत आठ आठवडे तोंड न उघडलेली पिल्लं अशा डब्यात खातात. मोठ्या सापाला डब्यात कोंबू नका. त्याच्या पेटीत आडोसा वाढवा.

साप काय सांगतोय

पेटी लावल्यावर साप कुठे बसतो ते लांबूनच पाहा. सतत उबदार लपणात असेल तर गार बाजू फार गार आहे किंवा तिथलं लपण त्याला पटलेलं नाही. सतत गार टोकाला असेल तर उबदार जमीन ३३ च्या वर गेली आहे का ते आधी तपासा. पाण्यात पडून राहणं म्हणजे गरमी, कोरडेपणा किंवा माइट्स. रात्रभर काचेला नाक घासत फिरणं म्हणजे आडोसा अपुरा आहे. मोठा नर प्रजननाच्या काळात तसंच करतो, तेव्हा त्याला सोडून द्या. दिवसा एखाद्या लपणात, संध्याकाळी तोंडाशी डोकं ठेवून बसलेला, जीभ सावकाश बाहेर काढणारा साप खायला तयार असतो.

आता हात लावू नका

सगळे बदल एकाच दिवशी करा, साप आत सोडा आणि ७ ते १० दिवस फक्त पाणी बदला, विष्ठा उचला. हाताळणी पूर्ण बंद. या टप्प्यात सर्वांत जास्त घोळ होतो: चौथ्या दिवशी लपण हलवलं, सहाव्या दिवशी उंदीर दाखवला, नाकारला म्हणून आठव्या दिवशी पेटी पुन्हा उपसली. सापासाठी प्रत्येक वेळी नवं घर. एकदा आकडे बरोबर आले की निदान तीन-चार प्रयत्न होईपर्यंत काही बदलू नका. दोन प्रयत्नांमध्ये पिल्लाला ७ दिवस, मोठ्या सापाला १४ दिवस द्या. रोज उंदीर नाचवला तर साप त्याला धोका समजायला लागतो.

खायला घालण्यासाठी सापाला वेगळ्या डब्यात नेऊ नका. पेटीत खाणारा साप हाताला चावायला लागतो, ही समजूत टिकून आहे, पण हलवल्याने लाजऱ्या सापाची उरलीसुरली भूकही जाते.

भक्ष्य देण्याची पद्धत

आकार जरा कमीच धरा. उंदराची जाडी सापाच्या मधल्या जाडीएवढी किंवा किंचित कमी. वजनाने पिल्लाला त्याच्या वजनाच्या १० टक्के, म्हणजे ७० ग्रॅमच्या पिल्लाला ७ ग्रॅम. मोठ्याला ५ टक्के पुरे.

गोठवलेला उंदीर आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवून सावकाश वितळू द्या. देण्याआधी बंद पिशवीत घालून ४५ अंशांच्या आसपासच्या पाण्यात १५ ते ३० मिनिटं ठेवा, आकारानुसार. पोट दाबून पाहा, आत गार कडक गोळा लागता कामा नये. मायक्रोवेव्ह नको. उंदीर आतून शिजतो, फुटतो. मग कोरडा पुसून हेअर ड्रायरने डोकं गरम करा आणि इन्फ्रारेड गनने तपासा: ३७ ते ४० अंश. हा साप वरच्या ओठावरच्या खाचांतून उष्णता ओळखतो. पेटी ३१ ची आणि उंदीर ३० चा असेल तर त्याला तिथे भक्ष्य आहे हेच नीट उमगत नाही. नाकारलेल्या उंदरांतले कित्येक फक्त थंड असतात.

दिवे मावळून दोन तास झाल्यावर, खोलीत जेमतेम दिसेल एवढ्या उजेडात द्या. ३० सेंमी लांब चिमट्याने उंदीर कमरेत धरा, डोकं सापाकडे, जमिनीलगत, समोरून सावकाश आणा. वरून किंवा थेट तोंडावर नेऊ नका. साप मानेला इंग्रजी एसचा बाक देऊन टक लावतो तेव्हा हात स्थिर ठेवा, अगदी बारीक थरथर पुरे. डोकं मागे घेऊन वेटोळ्यात खुपसलं तर तिथेच थांबा. दोन मिनिटांपेक्षा जास्त प्रयत्न करू नका. उंदीर लपणाच्या तोंडाशी ठेवा, पेटी झाकून टाका आणि सकाळी बघा. कित्येक लाजरे साप असंच, कुणी नसताना खातात. सकाळी राहिलेला उंदीर फेकून द्या, पुन्हा गोठवू नका. पकडून विळखा घातला तर अर्धा तास हलू नका. उजेड लावून फोटो काढायला गेलात तर तो सोडून देतो.

चार प्रयत्न गेले तरच भक्ष्य बदलायचं, तेही एका वेळी एकच गोष्ट. आधी जात: लहान जातीच्या उंदरावर (माउस) वाढलेल्या सापाला मोठ्या जातीचा पांढरा उंदीर (रॅट) अनोळखी असतो, आणि उलटही. मग वास: लहान उंदराच्या पिंजऱ्यातला भुसा भक्ष्याला चोळणं किंवा कोंबडीच्या पिल्लाची पिसं लावणं. मग लाव्याचं पिल्लू. जिवंत उंदीर अगदी शेवटी, आणि तोही नजरेसमोर. भुकेला उंदीर स्वस्थ बसलेल्या सापाची पाठ कुरतडतो, डोळाही फोडतो. जबरदस्तीने तोंडात भरवणं पशुवैद्याशिवाय कुणी करू नये. चुकलं तर अन्ननलिकेला इजा होते आणि साप खाणं आणखी लांबवतो.

खाल्ल्यानंतर

पहिल्या घासानंतर निदान ४८ तास साप उचलू नका. खाल्लेलं बाहेर आलं तर दोन आठवडे काही देऊ नका, तापमानं पुन्हा मोजा आणि नंतर निम्म्या आकाराचं द्या. दुसऱ्यांदाही तसंच झालं तर डॉक्टर. सगळं पचलं तर तोच आकार, तीच जात, तीच वेळ सलग चारदा. खूश होऊन लगेच मोठा उंदीर दिला की पुन्हा नकार येतो. हाताळणी चौथं खाणं पचल्यावर, आधी दहा मिनिटं, आठवड्यातून दोनदा.

डब्यातल्या पिल्लाला मोठ्या पेटीत न्यायचं ते सलग सहा-सात वेळा खाल्ल्यावर. नेताना डब्यातलं लपण न धुता बरोबर द्या, जुन्या कागदाचा एखादा तुकडाही आत ठेवा. नव्या पेटीतले आकडे तीन दिवस आधीपासून स्थिर असू द्या. पहिलं भक्ष्य आठवडाभराने, आणि नेहमीच्यापेक्षा एक माप लहान.